जास्तीचे काम मागण्याआधी न्याय द्या
(अवधपुरी येथील मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी शिक्षक नाही, बँकेतला कारकून आहे. पण 31 मार्चला रात्री उशिरापर्यंत कोण थांबणार, हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो. जिथे पाळी सर्वांना सारखी असते, तिथे माणसे आपणहून थांबतात. जिथे साहेबांच्या मर्जीतले लवकर घरी जातात, तिथे उरलेले घड्याळाकडे पाहत बसतात. शाळेतही हेच घडते.

शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना तासभर गणित शिकवणे, गैरहजर मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणे, स्नेहसंमेलनाची तालीम घेणे ही कामे नियमाने कोणाकडून करून घेता येत नाहीत. आदेशाने शिक्षक वर्गात हजर राहील, पण त्याचे मन हजर राहीलच असे नाही.

आपल्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. 1880 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढे आगरकरही आले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. आजीव सदस्यांनी सरकारी नोकरीची वाट सोडून दरमहा 75 रुपयांवर काम केले. त्याग सर्वांचा सारखा, म्हणून तो जड वाटला नाही. पण संस्थेबाहेर अर्थार्जन करावे की नाही, अशा प्रश्नांवर मतभेद वाढले आणि 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. आगरकर तिथेच राहिले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दोघेही प्रामाणिक होते. तरीही सर्वांना लागू असा नियम कोणता, यावर एकमत राहिले नाही आणि एवढ्या ध्येयवादी माणसांचीही एकजूट तुटली. मग आज पगारावर जगणाऱ्या शिक्षकाकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

आपल्या मध्य प्रदेशात शिक्षाकर्मी, संविदा शिक्षक, अध्यापक अशी नावे बदलत गेली. 2018 मध्ये अध्यापकांना राज्याच्या शिक्षक संवर्गात घेण्यात आले. अतिथी शिक्षक मात्र आजही आहेत. तोच धडा शिकवून त्यांना नियमित शिक्षकापेक्षा पुष्कळ कमी मिळते. हा अन्याय प्राचार्य दूर करू शकत नाहीत. तो प्रश्न सरकारचा आहे आणि मते मागायला येणाऱ्यांना आपण तो विचारलाच पाहिजे.

पण वेळापत्रक, गैरहजर शिक्षकाचे तास, रजा आणि कामाचा अहवाल हे प्राचार्यांच्या हातात असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. उरलेल्या कामासाठी नेहमी त्याच दोघांची नावे का जातात?

काही जण म्हणतात, जो काम करतो त्यालाच सांगावे लागते. हाच खरा घात आहे. कामसू माणसाला काम, कामचुकाराला आराम! दोन वर्षांत तो कामसू माणूसही हात आखडता घेतो. मग आपण म्हणतो, पूर्वीसारखे शिक्षक राहिले नाहीत.

म्हणून माझी विनंती आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. आपल्यापैकी जे तिथे आहेत, त्यांनी जास्तीच्या कामाची यादी शिक्षकांच्या खोलीत लावायला सांगावी. कोणाला सूट दिली तर तिचे कारण सर्वांसमोर सांगितले जावे. आणि 5 सप्टेंबरला सत्कारासाठी नाव ठरवताना आपल्या मंडळाने फक्त प्राचार्यांना विचारू नये, अतिथी शिक्षकांना आणि शिपायालाही विचारावे. शाळा सुटल्यावर खरोखर कोण थांबतो, हे शिपायाला पक्के ठाऊक असते, कारण कुलूप तोच लावतो.