ताळा आणि मोहोर

जुन्या पेढीवरील कारकून लांबलचक बेरीज पुरी झाली म्हणजे लगेच लेखणी खालीं ठेवीत नसे. तो आधीं नऊचा ताळा पाही. संख्येंतील अंकांची बेरीज करावयाची, ती एका अंकावर येईपर्यंत पुन्हां पुन्हां करावयाची, आणि दोन्ही बाजूंस उरलेले अंक जुळतात कीं नाहीं तें पाहावयाचें, एवढीच ती युक्ति. ताळा जुळला नाहीं तर चूक निश्चित. परंतु ताळा जुळला म्हणजे हिशेब बिनचूक, असें मात्र कोणताहि शहाणा कारकून म्हणत नसे. २३४७ ह्या संख्येचा ताळा ७ येतो. घाईंत दोन अंकांची अदलाबदल होऊन ती २४३७ झाली तरीहि ताळा ७ च येतो. ताळा कशाची ग्वाही देतो आणि कशाची देत नाहीं, हें ओळखण्यांतच त्या धंद्यांतील खरें शहाणपण होतें.

हाच ताळा आज निराळ्या रूपानें असंख्य संगणकांत अहोरात्र पाहिला जात आहे. संगणकावर नवा प्रोग्राम बसतो, किंवा जुन्याची सुधारलेली आवृत्ति येते, तेव्हां ती बहुधा इंटरनेटवरून दूरच्या एखाद्या कोठारांतून येते. ती आणणारा, तपासणारा व जागच्या जागीं बसविणारा असा एक स्वतंत्र प्रोग्राम असतो. त्यास पॅकेज मॅनेजर म्हणतात. मराठींत त्याला कोठावळा म्हणण्यास हरकत नाहीं. मोठ्या वाड्यांतील कोठावळा बाहेरून आलेलें सामान यादीशीं ताडून घेई, कशाबरोबर काय लागतें तें ध्यानांत ठेवी आणि खराब निघालेलें परत पाठवी. संगणकाचा कोठावळाहि हेंच करितो. मात्र त्याच्या हातीं अधिकार फार मोठा असतो. तो जें आणून बसवील त्यास संगणकाचें सारें घर उघडें असतें. म्हणून त्याची फसवणूक झाली तर ती एका जिनसेची फसवणूक राहत नाहीं. घराची किल्लीच परक्याच्या हातीं जाते.

ही व्यवस्था कशी चालते हें पाहण्यास डेबियनचें उदाहरण चांगलें आहे. डेबियन ही संगणकाची संपूर्ण कार्यप्रणाली इयन मर्डॉक ह्या तरुणानें १९९३ सालीं सुरू केली. ती देशोदेशींचे स्वयंसेवक चालवितात आणि ती कोणासहि विनामूल्य मिळते. तिच्या कोठावळ्याचें नांव ॲप्ट. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या २.१ ह्या आवृत्तींत तो प्रथम लोकांच्या हातीं पडला. डेबियनचें मूळ कोठार एकच असलें, तरी त्याच्या प्रतिकृति ठिकठिकाणच्या विद्यापीठांनीं आणि संस्थांनीं आपल्या खर्चानें ठेवलेल्या आहेत. घरचा संगणक बहुधा अशाच एखाद्या प्रतिकृतीकडून माल घेतो. आतां ही प्रतिकृति सांभाळणारा मनुष्य प्रामाणिकच असेल कशावरून? आणि तो प्रामाणिक असला, तरी माल वाटेंत कोणी बदलला नाहीं कशावरून?

ह्या प्रश्नाचें उत्तर ताळा आणि मोहोर ह्या दोहोंच्या जोडीनें दिलेलें आहे. प्रत्येक पॅकेजच्या संपूर्ण मजकुरावरून गणितानें एक आंकडा काढतात. इंग्रजींत त्यास चेकसम असें नांव आहे. डेबियन आज ज्या रीतीवर विसंबते तिचें नांव शा-२५६. तिचा आंकडा ६४ अक्षरांचा असतो, मग फाइल एका पानाची असो वा हजार पानांची. मजकुरांतील एक स्वल्पविराम बदलला तरी सारा आंकडा ओळखूं न येण्याइतका बदलतो. ज्यांचा हा आंकडा एकच येईल अशा दोन भिन्न फायली आजवर कोणीहि दाखविलेल्या नाहींत. कोठारांतील प्रत्येक पॅकेजचा ताळा एका मोठ्या यादींत लिहिलेला असतो. त्या यादीचा ताळा दुसऱ्या एका लहान पत्रकांत असतो, आणि त्या लहान पत्रकावर डेबियनच्या अधिकाऱ्यांची गणिती मोहोर असते. मोहोर उमटविण्याची किल्ली त्यांच्याजवळ गुप्त असते. ती ओळखण्याची किल्ली मात्र प्रत्येक डेबियन संगणकांत आधींच ठेवलेली असते. ॲप्ट प्रथम मोहोर पाहतो, मग तिच्या आधारानें यादी, आणि यादीच्या आधारानें पॅकेज. एका कडीचा भार दुसरीवर, अशी ही सांखळी २००७ सालच्या ४.० ह्या आवृत्तीपासून डेबियनमध्यें रूढ झाली.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील कीं, नुसता ताळा पुरत नाहीं काय? पुरत नाहीं. माल आणि मालाचा ताळा हे दोन्ही एकाच हातून आले, तर तो ताळा केवळ वाटेंतील मोडतोड ओळखण्याच्या कामाचा. ज्यास माल बदलतां येतो त्यास शेजारचा आंकडाहि बदलतां येतो. चोरानेंच बीजक लिहून दिलें, तर बीजक आणि माल जुळणारच! आंकडा बरोबर आहे कीं नाहीं ह्याच्या आधीं तो कोणाकडून आला, हें पाहावें लागतें. आणि तें सांगण्याचें काम मोहोरेचें आहे.

ताळ्याच्या रीतीहि कालांतरानें जुन्या होतात. रॉनल्ड रिव्हेस्ट ह्यांनीं १९९१ सालीं रचलेली एमडी-५ ही रीति पुष्कळ वर्षें सर्वत्र वापरांत होती. २००४ सालीं शियाओयुन वांग ह्या चिनी विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं, एकच ताळा असलेले दोन भिन्न मजकूर प्रत्यक्ष करून दाखविले. पुढें २०१७ सालीं ॲम्स्टरडॅमची गणितसंस्था आणि गूगल ह्यांच्या संशोधकांनीं शा-१ ह्या दुसऱ्या प्रसिद्ध रीतीची तीच गत केली. त्याच वर्षीं निघालेल्या डेबियनच्या नवव्या आवृत्तींत ॲप्टनें शा-१ वर विसंबणें सोडून दिलें. कोठावळ्याची तराजू वेळोवेळीं पारखून घ्यावी लागते, ती अशी.

आतां सेटिंगांचा विचार. कोठावळ्यास धन्याचे हुकूम लिहून ठेवण्यासाठीं साध्या मजकुराच्या कांहीं फायली असतात. माल कोणत्या कोठारांतून आणावा, कोणती मोहोर कोणत्या कोठारासाठीं ग्राह्य मानावी, किती दिवसांपूर्वींची यादी चालेल, हें सर्व तेथें ओळीओळीनें लिहिलेलें असतें. हा शेवटचा हुकूम वरवर क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाहीं. एखाद्या लबाडानें जुनीच, परंतु खऱ्या मोहोरेची यादी पुन्हां पुन्हां पुढें केली, तर ताळा जुळेल, मोहोर जुळेल, आणि दोषांची दुरुस्ती मात्र संगणकापर्यंत कधींच पोंचणार नाहीं. म्हणून मोहोरबंद पत्रकावर मुदतीची तारीख घालण्याची सोय आहे, आणि ती उलटून गेली असतां ॲप्ट तें पत्रक नाकारतो.

ह्याच फायलींत तपासणी शिथिल करणाऱ्या ओळीहि लिहितां येतात. कोठाराच्या पत्त्याआधीं कंसांत, हें कोठार विश्वसनीय समजावें, अशा अर्थाचे दोनच शब्द लिहिले कीं त्या कोठाराची मोहोर पाहण्याचें ॲप्ट सोडून देतो. मुदतीची तारीख पाहूं नये, असेंहि सांगतां येतें. ह्या सोयी निष्कारण ठेवलेल्या नाहींत. प्रयोगशाळेंत स्वतःच बनविलेलें पॅकेज तपासावयाचें असतें. एखादें जुनें, बंद पडलेलें कोठार संग्रहालयाप्रमाणें पाहावयाचें असतें. तेथें मोहोर कोठून यावी? संकट येतें तें निराळ्या वाटेनें. रात्रीं उशिरां कांहीं तरी बसत नाहीं, तांबड्या अक्षरांत तक्रार येते, आणि कोणी तरी सांगतो कीं ही एक ओळ लिहा म्हणजे काम होईल. काम होतें. दुसऱ्या दिवशीं अडचण विसरली जाते. पण ती ओळ विसरत नाहीं. ती फायलींत तशीच राहते आणि वर्षानुवर्षें त्या कोठाराचें दार उघडें ठेविते. दिवाणखान्याच्या खिडकीची कडी एकदां पाहुण्यांसाठीं काढावी आणि पुढें ती लावावयाचें कोणाच्या ध्यानांतच राहूं नये, तसा हा प्रकार होय.

ताळा खरोखर पाहिला गेला कीं नाहीं, हाहि प्रश्न किती नाजूक आहे तें २०१९ च्या जानेवारींत दिसून आलें. ॲप्ट स्वतः बाजारांत जात नाहीं. माल आणण्यासाठीं तो एक दुय्यम हरकाम्या पाठवितो, आणि तो हरकाम्या परत येऊन ओळीओळीनें निरोप सांगतो कीं, अमुक फाइल आणली, तिचा ताळा अमुक. कोठाराकडून कधीं कधीं उत्तर येतें कीं माल येथें नाहीं, दुसऱ्या पत्त्यावर जावें. मॅक्स जस्टिझ ह्या संशोधकाच्या लक्षांत आलें कीं, ह्या दुसऱ्या पत्त्यांत नव्या ओळीची खूण दडवितां येते. हरकाम्या तो पत्ता जसाच्या तसा सांगे. आणि खुणेपुढचा मजकूर हा हरकाम्याचाच निरोप आहे असें ॲप्टला वाटे. वाटेंत बसलेल्या लबाडानें त्या मजकुरांत खऱ्या पॅकेजचा ताळा लिहावा आणि हातीं मात्र विषारी पॅकेज द्यावें, एवढ्यानें काम भागत असे. मोहोर खरी, यादी खरी, आंकडा अक्षरशः जुळलेला. फक्त आलेल्या मालावरून तो आंकडा कोणी काढलाच नव्हता. ताळा पाहिला गेला नव्हता, पाहिल्याचा निरोप तेवढा पोंचला होता.

२२ जानेवारी २०१९ रोजीं डेबियननें दुरुस्ती जाहीर केली. पण येथें एक मोठी अडचण होती. कोठावळाच सदोष, आणि त्याची दुरुस्ती आणावयाची ती त्याच्याच हातून! तेव्हां ह्या वेळेपुरतें, दुसऱ्या पत्त्यावर जाऊं नये, असें सेटिंग देऊनच दुरुस्ती आणावी, असें अधिकाऱ्यांनीं सुचविलें. ज्यांना तेंहि शक्य नव्हतें, त्यांच्यासाठीं नव्या फायलींचे ताळे सूचनापत्रांतच छापून दिले, म्हणजे ज्यानें त्यानें फाइल स्वतः आणून, आंकडा स्वतः काढून पाहावा. निष्काळजीपणें लिहिलेली एक ओळ दार उघडें टाकते, आणि समजून लिहिलेली एक ओळ तेंच दार लावून घेते, हें त्या आठवड्यांत अनेकांस प्रत्ययास आलें.

असें असूनहि ताळा आणि मोहोर ह्यांच्या आवांक्याबाहेरचें एक क्षेत्र उरतेंच. एक्सझेड नांवाचें, मजकूर आवळून लहान करणारें एक साधन अनेक कार्यप्रणालींत असतें. त्याच्या कामांत साहाय्य करणाऱ्या एका व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणें काम करून विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभीं ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्तींत एक चोरदरवाजा बसविला. ताळे बरोबर होते. मोहोर खरी होती. ज्या हातानें ती उमटविली तोच हात खोटा होता. ह्या आवृत्ति डेबियनच्या प्रायोगिक शाखांत शिरल्या होत्या. सर्वसाधारण लोकांसाठीं असलेल्या स्थिर आवृत्तींत त्या पोंचण्यापूर्वींच हें कारस्थान उघडकीस आलें. तें उघडकीस आणलें आंद्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रामरनें. दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, हा प्रश्न त्यानें सोडून दिला नाहीं. २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें आपला शोध जगापुढें मांडला. तपासतां आला, कारण सर्व मजकूर उघडा होता. आणि सांपडला, कारण एका मनुष्यास त्या अर्ध्या सेकंदाची टोंचणी लागली.

ज्या घरांत डेबियन नाहीं त्या घरांतहि ही गोष्ट परकी नाहीं. खिशांतील अँड्रॉइड फोनवरच्या प्रत्येक ॲपवर रचणाऱ्याची मोहोर असते. परंतु स्वतःची मोहोर कोणीहि बनवूं शकतो. ती कोणाची आहे हें पारखण्याचें काम अधिकृत दुकान पुष्कळ अंशीं करितें. भारतांत २०२४ सालीं लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेच्या नांवानें ॲपची फाइल पाठवून लोकांस लुबाडण्याचे प्रकार घडले आणि पोलिसांस त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले. पत्रिका उघडण्याच्या घाईंत, अनोळखी ठिकाणचें ॲप बसूं द्यावें, हें सेटिंग जो चालू करितो तो आपल्या कोठावळ्यास उंबऱ्यावरून बाजूस सारतो, आणि आलेल्या पाहुण्यास नांवगांव न विचारतां माजघरांत घेतो.

तात्पर्य इतकेंच कीं, ताळा सांगतो वस्तु तीच आहे. मोहोर सांगते ती कोणी पाठविली. आणि पाठविणारा विश्वासास पात्र आहे कीं नाहीं, हें दोहोंपैकीं कोणीच सांगूं शकत नाहीं. तो निर्णय माणसाचा आहे, आणि तो सेटिंगाच्या त्या लहानशा ओळींत लिहिलेला असतो. म्हणून ती ओळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहूं नये, लिहिलीच तर काम होतांच पुसावी, आणि तांबड्या अक्षरांतील तक्रारीस अडथळा न मानतां रखवालदाराची हांक मानावें. हांक ऐकून उठण्याचा कंटाळा घरधन्यास परवडत नाहीं.