एअर रायफल हाती घेण्याआधी

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. नागपुरात तुमच्याही घरी नेमबाजीचा हट्ट सुरू असेल, तर मुलांना जरूर पाठवा. मात्र पहिले काही दिवस एकही छर्रा न झाडता मूल घरी आलं, तर प्रशिक्षक चांगला मिळाला असं समजा.

कारण आधी शिकायचे ते सुरक्षेचे नियम. रायफल रिकामी असली, तरी भरलेलीच मानायची. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर. नेमबाजी थांबली की नळीतून भडक रंगाची सुरक्षादोरी आरपार ओवतात. तिची दोन्ही टोकं दिसली, की नळीत छर्रा नाही हे लांबूनही कळतं.

दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. त्यावर नेम स्थिरावत असतानाच ‘स्टॉप’ ऐकू आलं, तर तो तसाच सोडायचा. मुलांना हेच फार जड जातं, म्हणून याचा सराव आधी हवा. कुणी लक्ष्याचा कागद बदलायला पुढे गेलं, तर रायफलला हातही लावायचा नाही.

छर्रे बहुधा शिशाचे असतात. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, मगच डबा उघडायचा.