मोठ्यानें बोललें म्हणजे ऐकूं जातें काय ?



समोरच्याला आपलें बोलणें ऐकूं गेलें नाहीं कीं आपण तेंच अधिक मोठ्यानें सांगतों. घरांत हा उपाय चालतो. विजापूरच्या गोल घुमटांत मात्र चालत नाहीं. तेथें ओरडावें तर मागील शब्दाचा घुमारा पुढील शब्दावर येऊन पडतो व दोन्ही बुडतात. संगणकाच्या पोटांत संदेश पाठविणाऱ्या मंडलांची अडचण याच जातीची आहे.

संगणकाच्या पाटीवर एका घटकाकडून दुसऱ्याकडे तांब्याच्या जोडरेषांतून शून्य आणि एक हे अंक एकामागून एक धांवत असतात. पीसीआय एक्स्प्रेस या पद्धतीच्या २००७ सालच्या आवृत्तींत एका जोडीवरून सेकंदाला ५०० कोटि अंक जातात. एका अंकाच्या वाट्याला जो काळ येतो तेवढ्यांत विद्युत्तरंग जेमतेम ३ सेंटिमीटर पुढें सरकतो. म्हणजे वीतभर रेषेवर एकाच वेळीं सहासात अंक वाटेंत असतात! त्यांतून तांबें आणि पाटीचें द्रव्य झपाट्यानें बदलणारा भाग अधिक गिळतात, संथ भाग कमी. चारपांच 'एक' लागोपाठ आले कीं रेषा भरून जाते. मग एकटें 'शून्य' आलें तर तें पुरतें खालीं उतरण्यापूर्वींच त्याची वेळ संपते.

आमच्या प्रयोगशाळेंतील एक यंत्र दुसऱ्या दिवशीं रवाना व्हावयाचें होतें आणि तें नेमकें असें चुकत होतें. तरुण सहकाऱ्यानें प्रेषकाचा निर्गमदाब वाढविला. चुका हटल्या नाहींतच, उलट शेजारच्या जोडीवरहि दिसूं लागल्या.

त्याला हंसण्याचें कारण नाहीं. १८५८ सालीं अटलांटिक महासागराखालून पहिली तार पडली तेव्हां वाइल्डमन व्हाइटहाउस यांनीं हेंच केलें. आधींच अधू असलेल्या त्या तारेवर त्यांनीं सुमारें २००० व्होल्टांचा दाब घातला, आणि कांहीं आठवड्यांत ती कायमची मुकी झाली. विल्यम टॉमसन यांचा आग्रह दुर्बल प्रवाहाचा आणि नाजूक ग्राहकाचा होता. पुढें अशा तारांवर प्रत्येक खुणेमागून क्षणभर उलट प्रवाह सोडून तिची शेपटी कापण्याची युक्ति निघाली.

आजच्या प्रेषकांतील 'डी-एम्फसिस' ही तिचीच नात म्हणावी. अंक बदलला कीं पहिला पूर्ण जोरानें पाठवावयाचा. तोच पुन्हां आला तर आवाज उतरवावयाचा. साडेतीन डेसिबल उतरविला तर दाब दोन-तृतीयांश राहतो, सहा उतरविला तर निम्मा. रेषा फार भरत नाहीं, म्हणून एकट्या अंकाला उतरावयास अवधि मिळतो. सहकाऱ्यानें दाब पूर्ववत् केला, निम्म्याचें माप लावलें, आणि लांब रेषा शुद्ध बोलूं लागली. उत्साहाच्या भरांत तेंच माप त्यानें चार बोटें लांबीच्या रेषेवर लावलें, तों तेथें चुका सुरू ! जवळच्या श्रोत्याला ती कुजबुज झाली होती. तिला दोन-तृतीयांशच मानवलें.

२०१० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत वेगासाठीं ही जुळवणी यंत्रांवरच सोंपविली आहे. अकरा ठरीव मांडण्या असतात, आणि जोडणी जुळतांना ग्राहकच प्रेषकाला 'एवढें वाढव, एवढें उतरव' असें कळवितो. मला ही व्यवस्था फार सभ्य वाटते. आमच्या यंत्राला मात्र ती सोय नव्हती. पहांटेपर्यंत एकेक रेषा हातानेंच जुळवावी लागली.