मोंढ्यातले लॅटिन



लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. तिचे मानवतच्या मोंढ्यात काय काम, असे आपणांस वाटले असेल. पण कापसाची गाडी मोंढ्यात येते, ‘क्विंटलला काय भाव?’ असा प्रश्न होतो, आणि लॅटिन आपल्या तोंडी येऊन बसते!

लॅटिनमध्ये ‘केन्टुम्’ म्हणजे शंभर. त्यावरून ‘केन्टेनारियुम्’ हे शंभराचे वजन झाले. ते ग्रीकांकडे गेले, अरबांनी त्याचे ‘किन्तार’ केले, आणि युरोपात परतताना ते ‘क्विंटल’ झाले. 1956 च्या कायद्याने दशमान वजने आली, मण-शेर मागे पडले, आणि शंभर किलोंचा क्विंटल आपल्याकडे रुजला. सेंच्युरी, पर्सेंट ही याच घरची लेकरे.

आम्ही शाळेत असताना ‘ऑक्शन म्हणजे लिलाव’ हे दहादा वहीत लिहिले आणि अकराव्या वेळी चुकलो. ‘औगेरे’ म्हणजे वाढविणे. बोली चढत जाते म्हणून ऑक्शन, एवढे कोणी सांगितले असते तर हातावरची एक छडी तरी वाचली असती. नवे निर्माण करणारा तो ऑथर, हाही त्याच धातूचा. आजही आमची मुले गणितात पुढे आणि इंग्रजीत मागे राहतात, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. शब्द त्यांच्यापुढे सुट्या खड्यांसारखे ओतले जातात म्हणून.

आता पगार घ्या. हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. सावकाराचे देणे फेडून त्याला गप्प करणे! इंग्रजी ‘पे’ फ्रेंचांच्या वाटेने त्याच शब्दातून आला. म्हणजे आपला पगार आणि साहेबाचा पे हे सख्खे भाऊ. एक गोव्याच्या वाटेने आला, दुसरा लंडनच्या. ‘पीस’ म्हणजे शांतता, हाही त्यांच्याच गोत्रातला. महिनाअखेरीस घरात शांतता का नसते, याचा उलगडा श्रोत्यांनी करावा.

येथे कोणी म्हणेल, केन्टुम् आणि शतम् सारखेच, तेव्हा लॅटिन संस्कृतातूनच निघाली. हा अभिमान गोड आहे, पण खरा नाही. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यास सांगितले की संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एका समान मूळ भाषेत असावा, आणि ती कदाचित आज उरलेली नाही. पुढच्या संशोधनाने हे नाते पक्के झाले. या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. म्हणून मातृ आणि ‘माटेर’, सप्त आणि ‘सेप्टेम्’ यांचे चेहरे जुळतात. सप्टेंबर हा रोमच्या जुन्या पंचांगात सातवाच महिना होता.

मात्र चेहरा जुळला की नाते जुळले असे धरू नये. मुलांना आम्ही एक प्रश्न नेहमी घालतो: इंग्रजी ‘डे’ आणि आपला ‘दिवस’ एकाच मुळाचे काय? सगळे हात वर करतात. लॅटिन ‘दिएस’ दिवसाच्या नात्यातला खरा. त्याच्यापासून इंग्रजीत ‘डायरी’ आली. पण ‘डे’चे मूळ निराळे, त्याचा ‘दिएस’शी काही संबंध नाही. आपल्या दिवसाचे नातलग शोधायचे तर ते कॅलेंडरवरच्या ‘डे’त नाहीत, आडत्याच्या खिशातल्या डायरीत आहेत.