कैदेतल्या शिपायाचे बूट
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाव निघाले की आपली मान ताठ होते. पराक्रमाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. आज मी बोलणार आहे ते कपड्यांबद्दल, आणि तेही हरलेल्या शिपायांच्या.

तैग्रिस नदीच्या काठी कूत नावाचे गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तेथे जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनला वेढा घातला. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीपुढे शस्त्रे खाली ठेवावी लागली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी.

पुढे काय झाले? शुमरानच्या तळावर तुर्की फौजेची दगडासारखी बिस्किटे मिळाली. ती खाऊन कित्येक आजारी पडले. मग शिपायांनी अंगावरचे कपडे, पायातले बूट विकून खजूर आणि भाकरी घेतली. पोट आज जाळते, पाय उद्या भाजतील, असा तो हिशेब. उरले ते वाटेत पहारेकऱ्यांनी काढून घेतले. बगदाद, मोसुल आणि तेथून रास-अल-ऐनपर्यंत शेकडो मैल, बहुतेक चालत, उन्हाळ्यात. पायांना चिंध्या बांधून माणसे चालली. जी चालू शकली नाहीत ती वाटेतच राहिली. जी पोहोचली त्यांना रेल्वेच्या कामाला जुंपले. अधिकाऱ्यांना बगदादपर्यंत बोट मिळाली. टाउनशेंडसाहेब तर इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. असो.

त्या वेळी कायदा नव्हता असे नाही. हेगच्या करारात दोन कलमे होती. एक, शस्त्रे, घोडे आणि लष्करी कागद सोडून कैद्याच्या वस्तू त्याच्याच राहतील. दुसरे, अन्न, निवारा आणि कपडे या बाबतींत कैद्याला पकडणाऱ्या सरकारने स्वतःच्या सैनिकासारखे वागवावे. ऐकायला न्यायाचे वाटते. पण तुर्की शिपाईच फाटक्या कपड्यांत आणि अनवाणी असेल तर? नियम पाळूनही कैदी उघडाच राहतो. अर्थात बूट हिसकावणे कुठल्याच कलमात बसत नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

१९२९ च्या जिनिव्हा कराराने ही तुलना काढून टाकली. कपडे, आतले कपडे आणि पादत्राणे कैद करणाऱ्या सरकारनेच द्यायची, ती नियमित बदलायची, दुरुस्त करायची, कामकऱ्याला कामाचे कपडे द्यायचे. १९४९ च्या कराराच्या २७ व्या कलमात आणखी एक गोष्ट आली: कपडे पुरेसे हवेत आणि त्या जागेच्या हवामानाला साजेसे हवेत. कुणाला हा किरकोळ तपशील वाटेल. मला नाही वाटत.

१९२२ साली या तिन्ही पलटणींना नवे क्रमांक मिळाले. १०३ वी पहिली झाली, ११० वी तिसरी, ११७ वी पाचवी. त्यामुळे जुने क्रमांक आज घराघरांतून विसरले गेले आहेत. आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत पणजोबांचे पहिल्या महायुद्धाचे पदक असेल, तर त्याची कड भिंगाखाली धरून पाहा. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. १०३, ११० किंवा ११७ दिसले, तर उद्याच्या आरतीला ते पदक घेऊन या. आपण एकत्र वाचू.