कागदांचा राखणदार



या व्यासपीठावरून थोरामोठ्यांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकली असतील. आज आम्ही सांगणार आहोत ते दुसऱ्यांचे कागद राखणाऱ्या एका फ्रेंच गृहस्थाचे चरित्र. त्यांचे नाव ऑलिव्हिए कोर्पे. जन्म १९४९, मृत्यू २०२०.

आम्हां कामगार चळवळीतल्या मंडळींना त्यांची ओढ वाटते, तिला कारण आहे. कारखाना कामगारांनीच चालवावा, या विचाराला वाहिलेले एक नियतकालिक फ्रान्समध्ये १९६६ साली निघाले. हा विचार तिकडे केवळ कागदावर नव्हता. १९७३ साली बेझांसाँ गावी लिप कारखान्याच्या कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन स्वतः घड्याळे बनविली आणि विकलीही. त्या नियतकालिकाच्या संपादनाची धुरा पुढे कोर्पे यांनी वाहिली. १९८६ साली ते बंद पडले.

नियतकालिक बंद पडले की पत्रे, हिशेब, मुद्रिते यांचे काय होते? बहुधा रद्दी होते. कोर्पे यांनी त्याच वर्षी नियतकालिकांच्याच अभ्यासाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. आणि १९८८ साली सहकाऱ्यांसह ‘इमेक’ ही दफ्तरसंस्था स्थापिली.

तिचा विचार असा की, पुस्तक हे एकट्या लेखकाचे नसते. प्रकाशक, छापणारा, टीकाकार, विकणारा, सारेच त्यात राबतात. म्हणून मार्गरीत द्युरास, झाँ झने, आल्त्युसेर यांच्या कागदांशेजारी तेथे आशेत प्रकाशनगृहाचे दफ्तरही आहे. कागद बहुतेक ठेव म्हणून घेतले जातात. मालकी देणाऱ्याची, संस्था राखणदार. आल्त्युसेर १९९० साली वारले. त्यांचे आत्मवृत्त कागदांतून काढून १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या दोन संपादकांपैकी एक कोर्पे होते.

काँ शहराजवळ आर्देन नावाचा बाराव्या शतकातील मठ आहे. १९४४ च्या लढाईत तो उद्ध्वस्त झाला होता. दुरुस्तीनंतर संस्था तेथे आली, आणि मठाच्या चर्चमध्ये आज वाचक बसतात.

श्रोतेहो, गिरण्या बंद झाल्या तेव्हा संघटनांच्या कचेऱ्यांतील इतिवृत्तांची बाडे तागडीत पडताना आम्ही पाहिली आहेत. ज्यांचे कागद उरत नाहीत, त्यांची हकीकत दुसरा सांगतो, आणि आपल्या सोयीने सांगतो. आपल्या घरी, संघाच्या कचेरीत किंवा छापखान्यात असे एखादे जुने गाठोडे निघाले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते सोडून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.