धुराचं तोंड कुणाकडे?

मी वसई तालुक्यातल्या बचतगटांची समन्वयक बोलतेय. आपल्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्जफेड यावर नेहमीच बोलणं होतं. आज विषय जरा वेगळा आहे : गाडीचा सायलेन्सर. ‘हे तर गॅरेजवाल्याचं काम, आपल्याला काय त्याचं,’ असं म्हणू नका. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारून पाहा, सायलेन्सरचा चटका कुणाकुणाला बसलाय. बऱ्याच जणी उजव्या पायाची पोटरी दाखवतील, आणि डाग आतल्या बाजूला असेल. असं का, ते आज बघू.

आधी सायलेन्सर म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनात पेट्रोल जळतं, तेव्हा दर मिनिटाला हजारो छोटे स्फोट होतात. त्यातून निघणारा तापलेला धूर तसाच बाहेर सोडला तर कान फाटतील. म्हणून तो एका लोखंडी डब्यातून फिरवून सोडतात. डब्यात आडवे पडदे आणि भोकं असतात. आवाज त्यांवर आपटून आपटून मरतो. पण आवाज मेला तरी उष्णता राहते. डबा उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापतो आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. तापलेला तवा निदान चुलीवर दिसतो. सायलेन्सर मात्र थंड असला काय नि गरम असला काय, दिसायला सारखाच.

आता हा डबा कुठे बसवायचा, हे गाडी बनवणारा कसं ठरवतो? चारचाकीत पहिली अडचण जागेची. इंजिन बहुतेक गाड्यांत पुढे आणि धूर सोडायचा मागे. मध्ये पेट्रोलची टाकी, मागचा आस, स्टेपनी. त्यांना चुकवत नळी मागे न्यायची, तर जिथे मोकळी जागा मिळेल तिथे डबा टांगतात. म्हणून एका कंपनीच्या गाडीत तो डावीकडे, दुसरीच्या गाडीत उजवीकडे दिसतो. काही गाड्यांना दोन्हीकडे नळ्या असतात.

पण धुराचं तोंड कुठे वळवायचं, याला आपल्याकडे नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात की मोटार, बस, ट्रक यांचा धूर खाली जमिनीकडे सोडायचा नाही आणि डाव्या बाजूलाही सोडायचा नाही. तो सरळ मागे जावा, किंवा लांब गाडी असेल तर उजवीकडे. डावीकडे का नको? आपल्या देशात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला रस्त्याची कड येते, आणि कडेला माणसं असतात. एसटीचं दार डावीकडे, थांबा डावीकडे, शाळेची पोरं डावीकडे. पहाटे भाजीची टोपली घेऊन शिरसाड फाट्यावर टेम्पोची वाट बघणारी बाईही डावीकडेच. नियम करणाऱ्याने या सगळ्यांचा विचार केलाय.

शेतातल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बघा. तो बहुतेक वेळा पुढे, बोनेटवर, उभा असतो. खाली गवत, पेंढा, तूस. तापलेली नळी खाली असती तर आग लागायला वेळ लागला नसता. म्हणून भात झोडून झाल्यावर खळ्याजवळ किंवा सुक्या गवतावर मोटारसायकल नाहीतर गाडी उभी करू देऊ नका. त्यांचा सायलेन्सर खालीच असतो.

आता आपल्या रोजच्या दुचाकीकडे येऊ. मोटारसायकलवर चढायचं डावीकडून. बाजूचा स्टँड डावीकडे, गाडी कलते ती डावीकडे. बहुतेक गाड्यांची चेनही डावीकडेच. म्हणून सायलेन्सरला उजवी बाजू मिळाली. स्कूटरचा सायलेन्सरही साधारण उजवीकडेच असतो. थोडक्यात, डावी बाजू माणसाची आणि उजवी बाजू तापलेल्या लोखंडाची. साडी नेसून आपण दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतो, तेव्हा सायलेन्सरपासून लांब असतो. त्याच बाजूला चाकावर जाळी असते. त्याच नियमांत म्हटलंय की मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा अडकू नये म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. पोरं शोभेसाठी ती जाळी काढून टाकतात. ती परत बसवून घ्या. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर बाई खाली खेचली जाते, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

मग चटका बसतो कधी? घाईत आपण उजवीकडून उतरतो तेव्हा. पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसलो आणि उजवा पाय टेकूवरून घसरला तेव्हा. आणि लहान मुलांना तर सगळ्यात जास्त. त्यांचे पाय टेकूपर्यंत पोचत नाहीत, ते लोंबकळतात. गाडी थांबली रे थांबली की पोर उजवीकडे उडी मारतं. तिकडे सायलेन्सरही असतो आणि मागून येणाऱ्या गाड्याही. म्हणून घरात एकच शिस्त लावा : चढायचं डावीकडून, उतरायचं डावीकडून. मात्र नवीन गाडीवर बसण्याआधी एकदा वाकून बघा, कारण जुन्या येझदीसारख्या काही गाड्यांना दोन्ही बाजूंना सायलेन्सर असतात.

चटका बसलाच, तर आधी पैंजण, जोडवी काढा. सूज आल्यावर निघत नाहीत. मग वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. पूर्ण वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही लावू नका. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ फडकं सैल बांधा. चटका मोठा असेल, लहान मुलाला बसला असेल किंवा बाईला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

एक शेवटची गोष्ट, न दिसणाऱ्या धोक्याची. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो, आणि माणूस झोपेतच जातो. बंद पडवीत किंवा गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही. पावसात पाणी तुंबून मागची नळी बुडाली असेल, तर काचा लावून, इंजिन चालू ठेवून आत बसायचं नाही. बाजारात भाजी मांडताना चालू टेम्पोच्या मागे बसू नका. चालकाला सांगा, ‘भाऊ, गाडी बंद कर.’ सांगायला लाजू नका, तो आपल्या श्वासाचा प्रश्न आहे.

आपल्यातल्या किती तरी जणी आता गटाच्या कर्जातून स्कूटर घेतात, माल घेऊन स्वतः विरारला, पापडीच्या बाजाराला जातात. कर्जाचा अर्ज भरताना आपण गाडीची किंमत, हप्ता, विमा सगळं बघतो. त्यात आणखी चार गोष्टी लिहून घ्या : सायलेन्सर कुठल्या बाजूला, त्यावर चटका न बसण्यासाठी झाकण आहे का, चाकावर जाळी आहे का, मागे धरायला मूठ आहे का. शोरूममध्ये उभं राहून हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पैसे आपले आहेत आणि पायही आपलेच आहेत.